लोणावळ्याची कार्यशाळा की कंपनीत येणारा कोच?

टीम मोठी झाली की मॅनेजरपुढे एचआर साधारण दोन पर्याय ठेवतं. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवसांची लीडरशिप कार्यशाळा, नाहीतर सहा महिने दर पंधरवड्याला कंपनीत येणारा कोच. चाकणला प्रेस शॉप, म्हणजे साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून भाग घडवणारा विभाग, सांभाळताना मी दोन्ही केलं. आधी कार्यशाळा, पुढच्या वर्षी कोचिंग. खर्च दोन्ही वेळा कंपनीचाच होता, त्यामुळे पैशांचा हिशोब बाजूला ठेवून लिहितो.

कार्यशाळेला मी नावं ठेवणार नाही. जे रोज समोर घडतं, पण ज्याला काय म्हणावं ते सुचत नाही, त्याला तिथे शब्द मिळतात. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये टीमचे टप्पे मांडले. माणसं एकत्र येतात, मग खटके उडतात, हळूहळू घडी बसते आणि त्यानंतरच काम लयीत येतं. आमच्या नव्या लाईनवर तेव्हा रोज भांडणं होती आणि मी ते माझंच अपयश धरून बसलो होतो. हा टप्पा नव्या टीमला येतोच, एवढं कळल्यावर रात्रीची झोप सुधारली. व्यवस्थापनतज्ज्ञ हर्सी आणि ब्लँचर्ड यांची मांडणीही कामाची आहे. नवख्याला नेमकं सांगा, मुरलेल्याला मोकळं सोडा. शिवाय दुसऱ्या कंपन्यांतले मॅनेजर भेटतात. त्यांतल्या दोघांना अडचण आली की मी अजूनही फोन करतो.

माझं अडलं ते भाषेपाशी. फीडबॅक कसा द्यावा, याचं एक चांगलं सूत्र तिथे शिकवलं: प्रसंग सांगा, वागणूक सांगा, तिचा परिणाम सांगा. सराव इंग्रजीत झाला. माझ्यासमोर ऑपरेटर म्हणून बँकेतला एक मॅनेजर बसला होता. ‘आय नोटिस्ड’ने सुरुवात केली, सगळं छान जमलं, टाळ्याही पडल्या. सोमवारी लाईनवर आमचे सर्वांत जुने ऑपरेटर उभे होते. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी तेच वाक्य मराठीत म्हणालो, “मामा, माझ्या असं निदर्शनास आलंय की…” मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, सरळ उभे राहिले आणि विचारलं, “साहेब, काही लेखी द्यायचंय का?” आमच्याकडे कारणे दाखवा नोटीस याच शब्दांनी सुरू होते! सूत्र चुकीचं नव्हतं, पण ते आमच्या बोलण्यात आणून द्यायला तिथे कोणी नव्हतं. आणि ज्या टीमसाठी मी ते शिकलो, ती टीमही तिथे नव्हती.

कोच पहिल्याच दिवशी माझ्या केबिनमध्ये न बसता शिफ्टच्या मीटिंगला मागे उभे राहिले. नंतर त्यांनी वहीचं पान पुढे केलं. पंधरा मिनिटांपैकी अकरा मिनिटं मीच बोललो होतो. मामा एकदाच बोलले होते, “हो साहेब” एवढंच. काय करायचं ते कोचनी सांगितलं नाही. काय साधायचंय, आज काय चाललंय, वाटा कोणत्या आणि त्यांतलं नक्की काय करणार, असे ‘ग्रो’ या कोचिंग पद्धतीचे प्रश्न विचारत राहिले. तिसऱ्या भेटीनंतर मी मामांना विचारलं, “मामा, काल डाय बदलताना काय झालं, जरा सांगता?” मामा दहा मिनिटं बोलले. प्रसंग आणि परिणाम दोन्ही त्यांनीच सांगितले. रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारे भाग, त्यामुळेच कमी झालं असं मी म्हणणार नाही, त्याच काळात भाग जागेवर धरून ठेवणारं फिक्स्चरही बदललं होतं. पण आता बिघाडाची कुणकुण मेंटेनन्सच्या आधी मला लागते, ती मामांकडून.

कोचिंगमध्येही उणिवा आहेत. पहिले दोन महिने हाती काहीच लागत नाही असं वाटतं. ऑडिटच्या धावपळीत आमच्या दोन भेटी बुडाल्या. फी कंपनी देते, म्हणून आपलं बोलणं एचआरपर्यंत किती पोचणार हे सुरुवातीलाच तिघांनी बसून ठरवून घ्यावं. नाहीतर माणूस मोकळा होत नाही. कोणीही स्वतःला कोच म्हणवतो, तेव्हा अनुभवाचे तास जरूर विचारा. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीला १०० तास लागतात, पुढच्या पातळीला ५००.

नुकतीच बढती मिळाली असेल, माणसं सांभाळण्याची पहिलीच वेळ असेल, तर आधी कार्यशाळा करावी असं मला वाटतं. पाच-सात वर्षं झाली असतील आणि एचआर एकाच गोष्टीला हो म्हणत असेल, तर मी कोच मागेन. तेही होकार देण्याआधी एक प्रश्न विचारून: सकाळी पावणेसातला आमच्या लाईनवर उभे राहाल का?