तीन नॉब, चार ट्यूब: ऑरेंज टायनी टेरर

गिटारचं स्वस्तातलं ट्यूब हेड, म्हणजे स्पीकर नसलेला ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प, समोर आलं की मी आधी एकच बघतो: कंपनीने पैसे कुठे वाचवलेत? ट्रान्सफॉर्मरवर वाचवले असतील तर आवाजाला अंग येत नाही, मग पुढे कितीही पेडल लावा. ऑरेंजने टायनी टेररमध्ये काटकसर केली आहे ती समोरच्या पट्टीवर. व्हॉल्यूम, टोन, गेन, बस्स. दुसरा चॅनल नाही, रिव्हर्ब नाही, इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पच्या नंतर पेडल जोडायची सोय) नाही, हेडफोनची सोय नाही. आत मात्र सगळा मामला ट्यूबचाच: प्रीअ‍ॅम्पला, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला, दोन १२एएक्स७ ट्यूब आणि स्पीकर हलवणाऱ्या आउटपुटला दोन ईएल८४. पांढरा पत्र्याचा डबा, वर हँडल, आणि खांद्याला अडकवायला गादी भरलेली बॅग. २००६ साली हे आलं आणि त्यानंतर अशा छोट्या हेडांची रांगच लागली.

मी सेकंडहँड घेतलं. बँडमध्ये मी ऱ्हिदम वाजवतो आणि त्याआधी शंभर वॅटचं हेड जिने चढवत-उतरवत होतो. त्याचा व्हॉल्यूम दोनच्या पुढे नेण्याची वेळ कधी आली नाही, कारण पुढे नेला की गाणारीचा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही. मोठ्या हेडमध्ये आउटपुट ट्यूबना कधी घामच फुटत नसेल, तर त्या उचलून न्यायच्या कशाला?

टायनी टेररवर १५ आणि ७ वॅटचा स्विच आहे, मधल्या जागी स्टँडबाय. नवीन माणूस हमखास समजतो की ७ वर टाकलं की आवाज निम्मा होईल. तसं होत नाही. पॉवर निम्मी केली की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटायचा तर साधारण १० डेसिबल उतरावा लागतो, म्हणजे पॉवर एक दशांशावर, पंधराची दीड वॅट. त्यामुळे तो स्विच शेजाऱ्यांसाठी नाही. त्याने फरक पडतो तो वाजवण्यात: ७ वर ट्यूब लवकर दबतात, पिकचा पहिला ठोका मऊ होतो, कॉर्ड थोडी आत खेचल्यासारखी लागते. १५ वर तोच ठोका अंगावर येतो. मी बँडसोबत १५ वरच ठेवतो. पहिल्या रिहर्सलला आमचा ड्रमर डब्याकडे बघून म्हणाला, "अरे, हे मला ऐकू येणार का?" पहिलं गाणं अर्धं व्हायच्या आतच तो ओरडला, "जरा कमी कर रे!"

आता मुख्य गोष्ट. या हेडवरचे गेन (प्रीअ‍ॅम्पला किती जोर द्यायचा ते) आणि व्हॉल्यूम वेगवेगळे समजून चालत नाही, ते एकमेकांच्या भरवशावर चालतात. गेन पूर्ण चढवला आणि व्हॉल्यूम खाली ठेवला तर डिस्टॉर्शन सगळं प्रीअ‍ॅम्पच्या १२एएक्स७ मधून येतं. ते किरकिरं, वरवरचं असतं, आणि एकट्याने वाजवताना कितीही झकास वाटलं तरी ड्रम आणि बास सुरू झाले की गायब होतं. उलटं करून बघा: गेन दहाच्या सुमाराला, म्हणजे घड्याळातल्या दहाला, आणि व्हॉल्यूमही घड्याळातल्याच दोन-तीनवर. आता ईएल८४ काम करायला लागतात. खालची ई जोराने छेडून नुसती धरून ठेवली तर सुरुवातीला तार जरा दबते, मग आवाज फुगतो, आणि विझत जाताना त्यातला खरखरीतपणा हळूहळू गळून शेवटी स्वच्छ सूर उरतो. अशा वेळी उघड्या तारांची कॉर्ड वाजवली तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. पेडलच्या डिस्टॉर्शनमध्ये तिचा बऱ्याचदा काला होतो.

दुसरा चॅनल नाही म्हणून रडणाऱ्यांना माझं सांगणं, तो गिटारवर आहे. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून पाचवर आणा, आवाज बऱ्यापैकी स्वच्छ होतो. गिटारचे पिकअप सिंगल कॉइल असतील तर अगदी काचेसारखा, हमबकर असतील तर थोडी जाडी आणि थोडी खरखर राहतेच. व्हॉल्यूम खाली आणला की वरचा झणका मरतो, हा त्रास असेल तर गिटारच्या व्हॉल्यूम नॉबखालच्या पॉटवर एक छोटा ट्रेबल ब्लीड कपॅसिटर लावून घ्यावा. मी माझ्या दोन्ही गिटारांना लावून घेतलाय. पण मोठ्या आवाजात एकदम स्वच्छ, चकचकीत कॉर्ड हव्या असतील, ड्रमरच्या वर, तर इथे मिळणार नाहीत. पंधरा वॅटमध्ये तेवढी जागाच नाही. जॅझवाल्यांनी दुसरीकडे बघावं.

टोनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पूर्ण डावीकडे नेला की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो, पूर्ण उजवीकडे नेला की कानात टोचतो. माझा नॉब बाराच्या जरा पुढे राहतो आणि मी त्याला हात लावत नाही. मिडल आणि बास वेगळे नाहीत, म्हणून हेडचा स्वभाव बदलायचा तर स्पीकर बदलावा लागतो.

आणि स्पीकरबद्दल बोलायलाच हवं, कारण बहुतेक लोक हेडवर सगळे पैसे घालवतात आणि मग कुठलं तरी जुनाट कॅबिनेट जोडतात. मी याला दोन कॅबवर (कॅबिनेटवर) ऐकलं. एकात सेलेस्टियनचा व्हिंटेज ३०, दुसऱ्यात ग्रीनबॅक. व्हिंटेज ३० ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, १०० डेसिबल, ग्रीनबॅकची ९८. म्हणजे नुसता स्पीकर बदलून २ डेसिबलचा फरक, १५ वरून ७ वर जाण्याच्या जवळपास! व्हिंटेज ३० मधला मिड (मधल्या पट्टीचा आवाज) पुढे येतो आणि आधीच मिडवर जोर असलेल्या या हेडला तो काही वेळा जास्तच होतो. ग्रीनबॅकवर वरची धार बसते, खालचा आवाज थोडा सैल होतो, आणि ऱ्हिदमसाठी मला तोच आवडला. त्याची क्षमता २५ वॅटची आहे, पण या हेडला एकटा पुरतो.

मागे १६ ओहमचा एक आणि ८ ओहमचे दोन जॅक आहेत. १६ चं एक कॅब १६ मध्ये, ८ चं एक कॅब ८ मध्ये, आणि १६ ची दोन कॅब असतील तर दोन्ही ८ च्या जॅकमध्ये. कॅबच्या मागे लिहिलेला आकडा वाचल्याशिवाय वायर घालू नका. वायरही स्पीकरचीच हवी, गिटारची शील्डवाली नव्हे. कॅब न जोडता ट्यूब हेड वाजवायला घेणं म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळायची तयारी.

लूप नसल्याचा त्रास डिले वापरणाऱ्यांना होईल. डिले हेडच्या आधी लावावा लागतो, त्यामुळे प्रत्येक प्रतिध्वनी पुन्हा गेनमधून जातो आणि त्यांचा चिखल होतो. गेन कमी ठेवला तर चालून जातं. ओव्हरड्राइव्ह पेडल मात्र याला छान मानवतं: पेडलचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर, आणि सोलोला आवाज पुढे सरकतो.

घरी रात्री वाजवायला हे घेऊ नका. हळू आवाजात याची सगळी गंमत जाते आणि उरतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळतं. रेकॉर्डिंगला लाइन आउट नाही, म्हणून स्पीकरसमोर एसएम५७ माइक ठेवायचा किंवा स्पीकरच्या जागी जोडायचा लोड बॉक्स घ्यायचा, आणि तो खर्च आधीच हिशोबात धरायचा.

जुनं हेड घेताना ट्यूब तपासून घ्या. माझ्या हेडमधली इनपुटची १२एएक्स७ गेन चढवला की घंटीसारखी वाजायची. पेन्सिलने एकेका ट्यूबवर हलकंच टकटक केलं की कुठली बोलते ते स्पीकरमधून लगेच कळतं. ती एकच बदलली, हेड गप्प झालं. ईएल८४ बदलायच्या असतील तर जुळवलेली जोडी घ्या आणि दोन्ही एकदम बदला. आउटपुट कॅथोड बायसचं, म्हणजे ट्यूबमधला करंट आपोआप सांभाळणारं, असल्यामुळे नंतर बायस लावायला कुणाकडे न्यावं लागत नाही. फक्त प्लग काढून ट्यूब गार होऊ द्या, आणि आतल्या कपॅसिटरांच्या वाटेला जाऊ नका, त्यांच्यात बंद केल्यावरही जीवघेणा व्होल्टेज राहतो.