मेल कुठे जातो आणि फोन कधी वाजतो: जीमेलचे फिल्टर काही महिने वापरल्यावर

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगते. जीमेलचा फिल्टर, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं हे आपोआप ठरवणारा नियम, आणि फोनवरची नोटिफिकेशन सेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीला दुसरीचा पत्ता नसतो. फिल्टर गूगलच्या सर्व्हरवर चालतो. मेल आला की तो इनबॉक्समध्ये पडणार की लेबल (आपण दिलेल्या नावाची चिठ्ठी) लागून बाजूला जाणार, हे तिथेच ठरतं. फोन वाजवायचा की नाही, हे मात्र त्या त्या फोनमधलं ॲप ठरवतं. ‘फिल्टर लावला आणि महत्त्वाचा मेल आलेला कळलाच नाही’ आणि ‘एवढी लेबलं केली तरी फोन दिवसभर वाजतोच’ या दोन्ही तक्रारी मी सारख्या ऐकते. बहुतेक वेळा त्यामागचं कारण एकच असतं: एक बाजू लावली आणि दुसरीकडे कुणी पाहिलंच नाही.

मी संपादनाचं काम करते. कामं वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि सगळी एकाच पत्त्यावर. स्वतःचा फोन अँड्रॉइड आहे, कामासाठी मिळालेला आयफोन आहे, आणि दोन्हींवर तेच खातं. त्यामुळे एकच फिल्टर दोन फोनवर किती वेगळा वागतो हे रोज समोर दिसतं.

फिल्टर करायचा तर कॉम्प्युटरवर बसावं लागतं, कारण मोबाइल ॲपमध्ये तो बनवताच येत नाही. ब्राउझरमध्ये जीमेल उघडायचं, शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करायचं आणि पाठवणारा, विषय, शब्द अशा अटी भरायच्या. इथे लगेच ‘क्रिएट फिल्टर’ दाबू नका. आधी नुसतं शोधा. फिल्टर त्याच शोधाच्या अटींवर चालतो, म्हणून समोर येणारी यादी हीच त्याची चाचणी असते. मी ती यादी दोन-तीन पानं खालपर्यंत वाचते. ‘इन्व्हॉइस’ हा शब्द टाकून पाहिला तेव्हा माझ्या बिलांबरोबर हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या जाहिरातीही यादीत आल्या. तेव्हापासून विषयातल्या शब्दांवर मी फिल्टर जवळजवळ करतच नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर किंवा त्याच्या पूर्ण डोमेनवर, म्हणजे पत्त्यातल्या ‘ॲट’नंतरच्या भागावर, करते. मेलिंग लिस्टसाठी ‘लिस्ट:’ हा शोधशब्द आहे, तो पत्त्यापेक्षाही भरवशाचा. लिस्टवर लिहिणारी माणसं बदलतात, लिस्टची ओळख तीच राहते.

अजून एक सोय फार कामाची आहे. जीमेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या आधी अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. बिलांसाठी एक शब्द, खरेदीच्या साइट्ससाठी दुसरा, असं नोंदणी करतानाच दिलं की फिल्टर ‘टू’ या रकान्यावर लावता येतो. मग पाठवणाऱ्याने पत्ता बदलला तरी काही बिघडत नाही. काही साइट्सचे फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे मात्र इलाज नाही.

आता खरी गोम. फिल्टरमध्ये ‘स्किप द इनबॉक्स’वर टिक केली की मेल थेट आर्काइव्ह होतो, म्हणजे इनबॉक्सबाहेर साठवला जातो, आणि इनबॉक्समध्ये न आलेल्या मेलसाठी ॲप आपणहून वाजत नाही. वृत्तपत्रिका आणि जाहिरातींसाठी हे उत्तमच. पण एखाद्या कामाच्या ग्राहकाचे मेल ‘नीट एका जागी’ ठेवायचे म्हणून तीच टिक केली, तर त्याचा मेल मुकाट्याने लेबलखाली जाऊन बसतो. अँड्रॉइडवर यावर उपाय आहे, फक्त तो बराच आत दडलेला आहे. ॲपच्या सेटिंग्जमध्ये आपलं खातं निवडून ‘मॅनेज लेबल्स’मध्ये जायचं आणि हवं ते लेबल उघडायचं. तिथे आधी मेल सिंक (त्या लेबलचे मेल फोनवर आणून ठेवणं) चालू करायचं, निदान शेवटच्या 30 दिवसांचं, आणि मग लेबल नोटिफिकेशनवर टिक करायची. सिंक बंद असेल तर नोटिफिकेशन चालूच करता येत नाही, आणि इथेच बहुतेक जण अडतात. खाली ‘प्रत्येक मेलसाठी कळवा’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तोही मी कामाच्या लेबलांना लावला आहे. आवाज लेबलागणिक वेगळा ठेवता येतो. त्यामुळे फोन हातात न घेताच कळतं की उठायला हवं की नको. या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली सेटिंग हीच.

आयफोनवरच्या जीमेल ॲपमध्ये मला लेबलवार नोटिफिकेशनची सोय मिळाली नाही. तिथे सगळे मेल, फक्त ‘प्रायमरी’ टॅबमधले, फक्त महत्त्वाचे किंवा काहीच नाही, एवढंच निवडता येतं. यातल्या ‘फक्त महत्त्वाचे’ या पर्यायाचा चांगला वापर करता येतो. फिल्टरमध्ये ‘नेहमी महत्त्वाचा समजा’ अशी एक कृती असते आणि ‘कधीच महत्त्वाचा समजू नका’ अशीही असते. ज्या मेलसाठी फोन वाजायला हवा त्यांना पहिली, उगाच महत्त्वाचे ठरवले जाणाऱ्यांना दुसरी, आणि ॲपमध्ये ‘हाय प्रायॉरिटी ओन्ली’, म्हणजे हाच ‘फक्त महत्त्वाचे’ पर्याय. पण आयफोनसाठी हे मेल इनबॉक्समध्येच राहू द्यावे लागतात, म्हणून अशा फिल्टरमध्ये मी ‘स्किप द इनबॉक्स’ वापरत नाही, नुसतं लेबल लावते. म्हणजे एकाच फिल्टरने दोन्ही फोन सांभाळायचे तर आयफोनला धरून चालावं लागतं.

कुठल्या मेलला आवाज द्यायचा, यावर मी बराच विचार केला. आधी माणसं निवडून पाहिली: अमुक महत्त्वाची, तमुक नाही. ते जमलं नाही, कारण एकाच माणसाकडून तातडीचाही मेल येतो आणि सणाच्या शुभेच्छाही. आता दोनच कसोट्या ठेवल्या आहेत. कुणीतरी माझ्या उत्तरासाठी अडून बसलंय का, किंवा त्या मेलमधली गोष्ट थोड्या वेळाने निरुपयोगी होणार आहे का. लॉगिनचा कोड, बदललेली बैठक, छपाईला जायच्या आधीची शेवटची प्रत, एवढ्यांनाच आवाज. पावत्या, बँकेची महिन्याची विवरणं, सोशल मीडियाच्या सूचना हे सगळं लेबल लागून गप्प राहतं आणि मी आपल्या वेळेने पाहते. कोडच्या मेलसाठी मात्र लॉक स्क्रीनवर मजकूर लपवायची सेटिंग चालू ठेवा. टेबलावर पडलेल्या फोनवर कोड कुणालाही वाचता येतो.

जाहिरातींना फिल्टर लावण्याआधी सदस्यत्व रद्द करून पाहा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय देणं बंधनकारक झालं आहे. जिथे ते चालतं तिथे फिल्टरची गरजच उरत नाही. फिल्टर जितके कमी, तितका गुंता कमी.

कारण गुंता होतोच. जीमेलच्या फिल्टरांना क्रम नसतो. एखादा मेल तीन फिल्टरांत बसला तर तिन्हींच्या कृती होतात, आणि एकाने आर्काइव्ह केला तर ‘हा मेल इनबॉक्समध्येच ठेव’ असं सांगणारी कृतीच दुसऱ्या फिल्टरमध्ये नाही. अपवाद पहिल्याच फिल्टरच्या अटींत घालावा लागतो. आउटलुकचं याबाबतीत बरं आहे. तिथे रूल्स, म्हणजे तिथले फिल्टर, वरून खाली चालतात आणि ‘पुढचे रूल्स थांबवा’ असं सांगता येतं. पण तिथे दुसरा धोका आहे. काही रूल्स फक्त कॉम्प्युटरवरचं आउटलुक उघडं असतानाच चालतात. मॅकवरच्या मेल ॲपमधले रूल्सही मॅकवरच चालतात. परिणाम असा की कॉम्प्युटर बंद असला तर सगळा कचरा फोनवर वाजतो. आणि चालू असला तर फोन वाजतो, आपण उघडून पाहतो तोवर मेल इनबॉक्समधून गायब, कारण तेवढ्यात रूलने तो हलवलेला असतो. फोनवर शांतता हवी असेल तर रूल सर्व्हरवरच हवा. ही माझ्या दृष्टीने पहिली अट आहे.

नोटिफिकेशन उशिरा येणं हा प्रकार वेगळा, त्याचा फिल्टरशी संबंध नसतो. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, फोन नुसता पडून असला की ॲप्सची नेटवर्कची कामं पुढे ढकलली जातात. काही कंपन्यांच्या फोनमधला बॅटरी सेव्हर त्याहून कडक असतो. जीमेलला गूगलच्या पुश सेवेचा (मेल आला की सर्व्हर स्वतःच फोनला कळवतो) आधार असल्यामुळे ते सहसा वेळेवर वाजतं. आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरचे मेल वाचण्याच्या सर्वसाधारण पद्धतीवर, चालणाऱ्या इतर ॲप्सना मात्र सर्व्हरशी जोडणी सतत उघडी ठेवावी लागते. ‘आयडल’ नावाच्या त्या सोयीचं 1997 चं मानक सांगतं की जोडणी तुटू नये म्हणून ॲपने निदान दर 29 मिनिटांनी ती ताजी करावी. बॅटरी सेव्हरने ॲपला झोपवलं की हे घडत नाही, आणि फोन उघडल्यावर सगळे मेल एकदम कोसळतात. अशा ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळायलाच हवं. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेलचं खातं जोडलं तर तिथे पुश नाही, ठरावीक वेळाने मेल आणले जातात, आणि त्यातला सर्वांत कमी ठरावीक अंतराचा पर्याय 15 मिनिटांचा आहे. कोडचे मेल उशिरा दिसतात ते यामुळे. त्या ॲपमधली व्हीआयपी यादी (आपण निवडलेल्या खास माणसांची) छान आहे, पण कोडसाठी मी तिच्यावर विसंबत नाही.

नावडत्या गोष्टींपैकी फोनवरून फिल्टर करता न येणं ही सर्वांत मोठी. नको असलेला मेल दिसतो तो फोनवरच, आणि तेव्हाच बंदोबस्त करावासा वाटतो. सध्या मी अशा मेलला तारा लावून ठेवते आणि कॉम्प्युटरवर बसले की तारांकित मेल पाहून फिल्टर करते. दुसरं, नवा फोन घेतला की फिल्टर आपोआप हजर असतात, पण लेबलांचं सिंक आणि नोटिफिकेशन पुन्हा एकेक करून लावावं लागतं. कुठल्या लेबलला आवाज होता याची यादी मी नोट्समध्ये ठेवली आहे. फिल्टर मात्र एक्सपोर्ट करून फाइलमध्ये ठेवता येतात आणि दुसऱ्या खात्यात घेताही येतात.

तिसरी उणीव अजून सुटलेली नाही. फिल्टरला मुदत देता येत नाही. काम संपतं, ग्राहक जातो, पण त्याचा फिल्टर आणि त्याचा आवाज तसाच राहतो, आणि वर्षभराने त्याची जाहिरात आली तरी फोन तातडीच्या सुरात वाजतो. म्हणून प्रत्येक कामाच्या लेबलच्या नावात मी काम संपायचा महिना लिहिते, ‘पुस्तक – ऑगस्ट’ असं. लेबलांची यादी चाळताना महिना उलटलेला दिसला की आधी अँड्रॉइडवरचं नोटिफिकेशन बंद करते, मग फिल्टर काढून टाकते. लेबल मी ठेवते, जुने मेल शोधायला ते लागतं.