संभाजीनगरात खराखुरा बेगल

उस्मानपुऱ्यातल्या या छोट्या बेकरीत बेगल (मधे भोक असलेला गोल, चिवट पाव) आधी उकळतात, मग भाजतात, म्हणून मुद्दाम लिहितेय. बऱ्याच ठिकाणी भोक पाडलेला साधा पावच बेगल म्हणून गळ्यात मारतात. इथला चांगला चिवट, वरून चकचकीत. उकळत्या पाण्यात पडल्याबरोबर वरचा स्टार्च शिजतो, साल घट्ट होते आणि ओव्हनमध्ये तो वाजवीपेक्षा जास्त फुगत नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

साधा बेगल न्यूयॉर्क पद्धतीचा, जाडजूड. चांगला आहे. पण मी जाते ती तिळाच्या बेगलसाठी! तो कॅनडातल्या माँट्रियलसारखा: बारीक, मोठ्या भोकाचा, मधाच्या पाण्यात उकळलेला, दोन्हीकडून तिळात घोळलेला. माँट्रियलला तो लाकडाच्या भट्टीत भाजतात. इथे विजेचा ओव्हन, त्यामुळे कडेचे ते करपट खमंग डाग येत नाहीत, एवढीच उणीव. क्रीम चीजपेक्षा लोणी आणि लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी लावून खा, तिळाशी फार जमतं.

सकाळीच जा. दुपारी वातड झालेला मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात. तो घेऊ नका, आडवा चिरून तव्यावर शेकून मागा.