ज्युनी बी. जोन्सची पुस्तकं: पोरांना बिनधास्त वाचू द्या

चित्रांची पुस्तकं संपलीत पण जाड पुस्तक बघितलं की पोरं तोंड फिरवतात, अशा वयाला काय द्यायचं हा प्रश्न आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी आयांच्या ग्रुपवर दर समर व्हेकेशनच्या आधी येतोच. मी दर वेळी एकच नाव टाकते, ज्युनी बी. जोन्स. आणि लगेच दोघी-तिघींचे मेसेज येतात की अगं ती पोरगी किती आगाऊ आहे, ग्रामर सगळं चुकीचं, वर स्टुपिड काय, हेट काय, असलं पोरांच्या कानावर कशाला घालायचं. म्हणून म्हटलं एकदा नीट सविस्तर लिहूनच टाकू, कारण मला ही सिरीज मनापासून आवडते आणि ती नुसत्या दोन शब्दांवरून बाजूला ठेवली जाते याचं वाईट वाटतं.

आधी थोडी माहिती. लेखिका बार्बरा पार्क, चित्रं डेनिस ब्रंकस यांची. पहिलं पुस्तक १९९२ मध्ये आलं, 'ज्युनी बी. जोन्स अँड द स्टुपिड स्मेली बस', आणि शेवटचं २०१२ मध्ये. २०१३ मध्ये बार्बराबाई कॅन्सरने गेल्या. एकूण २८ पुस्तकं आहेत, त्यातल्या पहिल्या सतरामध्ये ज्युनी किंडरगार्टनला आहे म्हणजे आपल्याकडचं सीनियर केजी धरा, आणि अठराव्यापासून ती पहिलीत जाते. पुस्तकं बारीकशी, छोटे छोटे चॅप्टर, अक्षर मोठं, मध्ये मध्ये काळी-पांढरी चित्रं. सहा ते आठ-नऊ वर्षांच्या पोरांना एका दमात एक-दोन चॅप्टर सहज होतात आणि चॅप्टर बहुतेक वेळा अशा ठिकाणी तुटतो की "अजून एकच" म्हणून हट्ट सुरू होतो.

सगळं ज्युनीच सांगते. नावातला बी म्हणजे बिआट्रिस, पण तिला ते आवडत नाही, नुसतं बी आवडतं आणि विषय संपला. बाईंना ती फक्त 'मिसेस' म्हणते, पुढचं आडनाव वापरतच नाही. वर्गातल्या ज्या मुलाशी वाकडं आहे तो कायम 'तो जिम ज्याचा मला राग येतो' असाच येतो. ग्रेस आणि ल्युसील या दोन बेस्ट फ्रेंड्स, त्यातली ल्युसील श्रीमंत, सारखी नवीन फ्रॉकबद्दल बोलणारी. घरी आईबाबा, आजी-आजोबा आणि नंतर धाकटा भाऊ ऑली. एवढाच पसारा, आणि तो पुरतो.

आता मूळ मुद्दा, तिच्या खोड्या. बऱ्याच विनोदी पुस्तकांत खोडकर मूल म्हणजे मुद्दाम त्रास देणारं, मोठ्यांना फसवून खूश होणारं असतं. ज्युनी तशी नाहीये. तिचा प्रत्येक गोंधळ कशातून तरी सरळ उगवतो, तिने काहीतरी ऐकलेलं असतं, ते तिला जसं समजलं तसं ती शंभर टक्के खरं धरते आणि त्याप्रमाणे वागते. पहिल्या पुस्तकात तिच्या कानावर येतं की परतीच्या बसमध्ये पोरं तुमच्या डोक्यावर चॉकलेट मिल्क ओततात. झालं, शाळा सुटल्यावर ती बसमध्ये चढतच नाही, सामानाच्या कपाटात लपून बसते. सगळे गेल्यावर बाहेर येते, रिकाम्या शाळेत हिंडते, मजा करते, आणि मग तिला जोरात बाथरूमला लागते तर बाथरूमला कुलूप. ही इमर्जन्सी नाही तर काय, म्हणून थेट ९११ ला फोन! आपण हसतो, पण तिच्या जागेवरून बघितलं तर एकही पायरी चुकलेली नाही. तिला इमर्जन्सीला हाच नंबर फिरवायला शिकवलंय ना?

दुसऱ्या पुस्तकातही तेच. भाऊ जन्मतो, आजी त्याला बघून येते आणि लाडाने म्हणते की काय गोड माकड आहे ते. ज्युनी शाळेत जाऊन सांगते की माझ्या घरी खरंखुरं माकड जन्मलंय, आणि ते सगळ्यांत आधी कोणाला दाखवणार यावर ल्युसील आणि ग्रेसकडून एकेक वस्तू घेत सुटते. प्रकरण प्रिन्सिपलपर्यंत जातं. आमच्या लेकीने हे ऐकताना मध्येच थांबवून विचारलं होतं, "पण आजी खोटं बोलली का मग?" आणि त्यावर आमचं जे बोलणं झालं ना, मोठी माणसं एक बोलतात आणि त्यांना म्हणायचं वेगळंच असतं, मग छोट्यांनी काय समजायचं, ते बोलणं मला कुठल्याही संस्कारकथेतून मिळालं नसतं.

माझं सगळ्यात लाडकं मात्र तिसरं, 'ज्युनी बी. जोन्स अँड हर बिग फॅट माउथ'. वर्गात जॉब डे असतो, मोठं झाल्यावर कोण व्हायचंय तसा ड्रेस करून यायचं. ज्युनी तोऱ्यात सांगून बसते की माझ्या जॉबमध्ये रंग मारायचा असतो, माणसांना वाचवायचं असतं आणि किल्ल्यांचा जुडगाही असतो. असला जॉब असतोच कुठे म्हणून पोरं हसतात. ती अडकते, कारण असा कुठला जॉब तिला स्वतःलाच माहीत नाही. घरी जाऊन डोकं खाजवते आणि मग एकदम उजेड पडतो, शाळेतला जॅनिटर! म्हणजे साफसफाई-दुरुस्ती बघणारा माणूस. तो कचऱ्याचे डबे रंगवतो, त्याच्याकडे भरपूर किल्ल्या असतात, आणि त्या कुलूपबंद बाथरूमच्या वेळी ज्युनीला वाचवणाराही तोच होता. ती तसा ड्रेस करून वर्गात येते, पोरं परत हसतात, आणि मग तो जॅनिटर, गस व्हलोनी त्याचं नाव, स्वतः वर्गात येतो. इथे लेखिकेने कामाची प्रतिष्ठा वगैरे कुणाच्याच तोंडून वदवलेलं नाही. एका पोरीला किल्ल्यांचा आवाज मनापासून आवडतो, बस, तेवढ्यावर सगळं उभं आहे. आपल्या घरांत 'अभ्यास केला नाहीस तर झाडू मारावा लागेल' असं किती सहज म्हटलं जातं, त्यामुळे हे पुस्तक तरी प्रत्येक मराठी घरात वाचलं जावं असं मला वाटतं.

आता ग्रामरचं. ज्युनी क्रियापदांचे भूतकाळ चुकीचे करते, स्वतःचे शब्द बनवते, विशेषणांना वाट्टेल ते जोडते. या भाषेवरून अमेरिकेतही खूप कुरबुर झालेली आहे, आणि ज्या पुस्तकांवर लोकांनी सगळ्यात जास्त आक्षेप घेतले त्यांची जी यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन काढते, त्यातल्या २००० ते २००९ च्या यादीत ही सिरीज आहे. म्हणजे आपल्या ग्रुपवरच्या मैत्रिणी काही एकट्या नाहीत. पण मला विचाराल तर ज्या मुलाला घरी नीट भाषा कानावर पडते ते या पुस्तकातून चुकीचं शिकत नाही, उलट चूक पकडून खूश होतं. आमची लेक प्रत्येक पानावर "असं नाही म्हणत!" करून ओरडायची आणि बरोबर काय ते सांगायची. सहा वर्षांच्या मुलाला पुस्तकातल्या पोरीपेक्षा आपल्याला जास्त येतं हे कळलं की वाचनाची भीती निम्मी तिथेच जाते. अगदी जिथे इंग्लिश नुकतंच शिकायला लागलंय आणि घरात कुणी बोलत नाही तिथे मात्र मी थोडं थांबायला सांगेन, किंवा सोबत बसून वाचा म्हणेन, कारण तिथे चूक कुठली आणि बरोबर कुठलं हे मुलाला एकट्याला कळणार नाही.

स्टुपिड आणि हेट हे शब्द आहेत, भरपूर आहेत. त्यावर घरी एकदा बोलून घ्या. पण ज्युनीला तिच्या वागण्याचे परिणाम भोगावे लागतात हेही बघा. ती स्वतःचे केस कापते ते अकराव्या पुस्तकात, ब्युटी शॉपवालं व्हायचंय म्हणून आधी बनी स्लिपर्सची लोकर, मग कुत्रा, मग स्वतःचं डोकं, आणि नंतर तेच डोकं घेऊन शाळेत जायची जी लाज आहे ती इतकी खरी लिहिलीय की हसता हसता पोटात तुटतं. 'चीटर पँट्स'मध्ये ती होमवर्क कॉपी करते तेव्हा पुढे मनात जे कुरतडत राहतं तेही असंच.

सगळंच छान आहे असं नाही. ल्युसीलचा पैशाचा तोरा सारखा सारखा येतो आणि तोच विनोद कंटाळा आणतो. सलग पाच-सहा वाचली की साचा दिसायला लागतो, पहिल्या दोन चॅप्टरमध्येच कळतं की आता ही काय गोंधळ घालणार, त्यामुळे मध्ये दुसरं काहीतरी वाचायला द्या. पहिलीतल्या पुस्तकांत ज्युनी स्वतःचं जर्नल लिहिते, चुकलेले शब्द खोडून वगैरे, ते मस्त आहे, शिवाय तिथले सर मिस्टर स्केअरी नावाला भयंकर पण स्वभावाने फार गोड आहेत. पण शेजारी बसणारी चुगलखोर मे आणि ज्युनी यांची भांडणं पुढे पुढे नुसती कटकट होतात. हवाईच्या ट्रिपचं पुस्तक मला तर फारच साधारण वाटलं, वर्गाबाहेर काढली की ज्युनीची अर्धी गंमत जाते.

भारतातल्यांसाठी एक सांगते. भाचीला पुण्याला काही पुस्तकं पाठवली होती तर व्हॅलेंटाइनच्या पुस्तकावरून घरात जरा चुळबुळ झाली. इथे शाळेत त्या दिवशी सगळी पोरं सगळ्यांना कार्डं देतात, त्यात आपल्याला वाटतं तसं काही नसतं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. त्या पुस्तकात ज्युनीला कुणा निनावी मुलाचं मोठं कार्ड येतं आणि ते कोणाचं निघतं ते मी सांगत नाही, भाचीने दोन दिवस डोकं लढवलं त्यावर.

सुरुवात पहिल्यापासूनच करा, कारण तिसऱ्यात जॅनिटर येतो तेव्हा पहिल्यातलं बाथरूम आठवायला हवं. पहिली तीन वाचून दाखवा, घाईघाईत नको, ज्युनी बोलते तसं जरा नाटक करून, मग चौथं पोरं स्वतः ओढून नेतील. लांबच्या ड्राइव्हला ऑडिओबुकं घ्या, लॅना क्विंटलने वाचलीयत आणि तिचा ज्युनीचा आवाज इतका परफेक्ट आहे की आमचे हे गाडी चालवता चालवता हसत असतात. अख्खा सेट मात्र एकदम विकत घेऊ नका, इथे असाल तर बहुतेक पब्लिक लायब्ररीत अख्खी रांग लावलेली असते आणि भारतात असाल तर आधी पहिलं आणि तिसरं, एवढी दोनच मागवा.