सहा डोळ्यांचे लेबल

अमेरिकी कंट्री गायक मार्टी रॉबिन्स यांचा ‘गनफायटर बॅलड्स अँड ट्रेल साँग्ज’ हा १९५९चा अल्बम मी टेक्सासात राहायला आल्यावर पहिल्यांदा ऐकला आणि त्याची फर्स्ट प्रेसिंग, म्हणजे अगदी पहिल्या छपाईची तबकडी, आपल्या संग्रहात हवीच, असे मनाने घेतले. त्यातल्या ‘एल पासो’मध्ये काउबॉय आपल्या मरणाची हकिकत स्वतःच सांगतो: फेलीनाच्या मोहापायी केलेला खून, गावातून काढलेला पळ आणि जीव जाणार हे ठाऊक असूनही तिच्यासाठी परत फिरणे. या गाण्याने माणूस किती हळवा होतो, हे माझ्या विक्रेत्याला पक्के माहीत असावे.

ऑनलाइन जाहिरातीत त्याने किंमत १४० डॉलर लावली होती. काळ्या पोशाखातल्या रॉबिन्स यांचे कव्हर जुने आणि अस्सल होते. छायाचित्रात तबकडीच्या मधल्या लाल कागदी लेबलवर डावी-उजवीकडे तीन-तीन, असे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचे सहा ‘डोळे’, म्हणजे डोळ्यासारखी चिन्हे, स्पष्ट दिसत होते आणि कडेला कोणीतरी निळ्या शाईने एक अक्षर लिहिलेले होते. मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायच्या सोयीतून रक्कम पाठवली तर दहा डॉलर कमी करतो, असे तो म्हणाला आणि मी, हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेला माणूस, त्या दहा डॉलरना भुललो.

पार्सल उघडले तेव्हा कव्हर तेच होते, आतली तबकडी मात्र वेगळी निघाली. निळे अक्षर नव्हते, डोळेही नव्हते. नारिंगी लेबलच्या कडेने कोलंबियाचे नाव सोनेरी अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेले होते. ही सत्तरच्या दशकातली छपाई. जाब विचारल्यावर त्याने उत्तर पाठवले की, अल्बमचा क्रमांक सीएस ८१५८ जुळतो आहे ना! तो जुळणारच, कारण स्टिरिओ आवृत्तीचा हा क्रमांक पुढच्या छपायांवरही कायम राहिला. इतकेच कशाला, सहा डोळ्यांची लेबले १९६२पर्यंत वापरात असल्याने तेवढ्यावरूनही १९५९ची खात्री देता येत नाही. शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे तबकडी कोणत्या साच्यातून निघाली हे सांगणारा क्रमांकही पाहावा लागतो.

आता मी दोन्ही बाजूंच्या लेबलांची आणि त्या पट्टीची छायाचित्रे, शेजारी माझे नाव व त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढून मागतो आणि खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच पैसे भरतो. त्या १३० डॉलरबाबत पैसे पाठवणाऱ्या कंपनीने कळवले की, ही रक्कम आपण ओळखीच्या व्यक्तीला स्वेच्छेने दिली असल्याने तक्रार दाखल करून घेता येणार नाही.