तडा दिसणार नाही, एवढंच तो म्हणाला होता

"तडा शोधूनही सापडणार नाही," असं माझ्या जुन्या मोटरसायकलची साईड पॅनल, म्हणजे टाकीखालची दोन बाजूंची प्लास्टिकची झाकणं, दुरुस्त करणारा म्हणाला होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पॅनल परत मिळाली तेव्हा मी खरंच शोधला. बोट फिरवलं, तिरप्या उजेडात धरून पाहिलं. नाही सापडला. पॅनल उलटं करून मागची बाजू बघावी, हे मात्र सुचलं नाही. म्हणजे उलटं केलं होतं, पण आत सगळीकडे एकसारखा काळा खरखरीत लेप दिसला आणि मला वाटलं, वा, आतूनही काम केलंय.

गाडी सत्तरच्या दशकातली, जपानी. या मोटरसायकलींची साईड पॅनल बहुतेक वेळा बोल्टने बसत नाहीत. पॅनलच्या आतून प्लास्टिकच्या खुंट्या आलेल्या असतात आणि त्या चॅसीवरच्या रबरी बुशांमध्ये दाबून बसवायच्या असतात. रबर जुनं होऊन दगडासारखं होतं, काढताना कोणीतरी हिसका मारतो आणि खुंटी मुळापासून तुटते किंवा तिच्या बुडाशी चीर पडते. माझ्या डाव्या पॅनलला वरच्या खुंटीपासून मधोमध आलेला वीतभर तडा होता. उजव्याची एक खुंटी तुटलेली होती, बाकी ते धडधाकट होतं. कंपनीने ही पॅनल बनवणं कधीच थांबवलंय, त्यामुळे मूळचं पॅनल तुटकं असलं तरी त्याला मोल असतं. हे मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, माझ्यापेक्षा जास्त.

आता मागे वळून बघताना एक गोष्ट फार खटकते. प्लास्टिक कोणतं आहे, हे त्याने विचारलंच नाही. रंगाचा कोड विचारला, वरचा पट्टा स्टिकर आहे की रंगवलेला ते विचारलं, चकाकी किती हवी ते विचारलं. प्लास्टिक दुरुस्त करणाऱ्याचा पहिला प्रश्न प्लास्टिकचा हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. त्या काळची साईड पॅनल बहुतेक एबीएसची असतात. एबीएस ॲसिटोन या द्रावकात विरघळतं, वितळवून पुन्हा जोडताही येतं, त्यालाच प्लास्टिकचं वेल्डिंग म्हणतात. काही मडगार्ड पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्यांच्यावर ॲसिटोनचा काही परिणाम होत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. नव्या भागांवर आतून प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं, जुन्यांवर बहुतेक वेळा नसतं. अशा वेळी आतल्या न दिसणाऱ्या कडेला ॲसिटोनचा बोळा घासून बघतात. पृष्ठभाग चिकट झाला तर बहुतेक एबीएस. दुसरी खूण म्हणजे निघालेला बारीक तुकडा पाण्यात टाकायचा: एबीएस बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. मिनिटभराचं काम आहे, पण ते त्याने माझ्यासमोर केलं नाही आणि नंतरही केलं नसणार.

मी "कसं करणार?" विचारलं, तो "वेल्डिंग" म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही. सगळे पैसे आगाऊ दिले. दोन आठवड्यांचे अडीच महिने झाले. मधे दोनदा मी म्हटलं, रंग मारायच्या आधी एक फोटो पाठवा. दोन्ही वेळा उत्तर एकच: "प्रायमर झालाय, आता काय दिसणार?"

पॅनल बसवली तेव्हा डावं जरा जोर लावून बसवावं लागलं. पहिल्याच फेरीत, तासाभराच्या आत, टाकीखालून रंगावर केसाएवढी रेघ उमटली. जुन्या इंजिनाची थरथर काय असते ते वेगळं सांगायला नको. घरी येऊन पॅनल ओढलं, तर पॅनल हातात आलं आणि खुंटी रबरातच राहिली.

मग मी पॅनल मांडीवर घेऊन बसलो आणि मागचा काळा लेप खरवडायला लागलो. हा लेप गाड्यांच्या बुडाला खडे लागू नयेत म्हणून मारतात, साईड पॅनलच्या आत त्याचं काही काम नसतं. त्याच्याखाली फायबरग्लासच्या कापडाचा तुकडा रेझिनमध्ये बुडवून चिकटवलेला होता. एका कोपऱ्यात नख घातलं आणि तो अख्खा सुटून आला, पाकिटावरचं तिकीट निघावं तसा. खालचं एबीएस अजून गुळगुळीत, चमकणारं. त्यावर पॉलिश पेपरचा एक ओरखडासुद्धा नव्हता. समोरच्या बाजूने तड्यावर गुलाबी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली, मूळ प्लास्टिकपेक्षाही जाड. लांबी कडक असते आणि एबीएस लवतं, त्यामुळे ती थरथरीत टिकणं शक्यच नव्हतं. खुंटी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेली. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडतात, ते पाडलेलं नव्हतं, त्यामुळे लांबीच्या आड तो आणखी बोटभर पुढे सरकला होता.

तोपर्यंत मला वाटत होतं की ही फक्त कामचुकारी आहे. मग सहज उजवं पॅनल उलटं केलं. आधीच्या कुणा मालकाने त्याच्या आत टोकदार वस्तूने दोन अक्षरं कोरली होती, वाकडीतिकडी. लेप खरवडला तर अक्षरं नाहीत. खाली फायबरचे धागे दिसले. ॲसिटोन घासला, कडा चिकट होईना. पॅनल एबीएसचं नव्हतंच. माझं पॅनल त्याने ठेवून घेतलं आणि फायबरची नक्कल रंगवून दिली. काळा लेप कशासाठी होता, ते तेव्हा कळलं.

फोनवर तो शांत होता. "तुम्ही दिलं तेच आहे." माझ्याकडे पुरावा काय? गाडीचे डझनभर फोटो, सगळे बाहेरून, सूर्यास्ताचे वगैरे. आतल्या बाजूचा एकही नाही. पावती काढली, तर त्यावर लिहिलं होतं: पॅनल रंगकाम, २ नग. वेल्डिंगचा शब्दही नाही. कागदावर त्याने कबूल केलेलं काम चोख केलं होतं. मी लेखी तक्रार पाठवली, तिला उत्तर आलं नाही.

तुम्ही पॅनल कुणाकडे सोपवणार असाल तर आधी ते उलटं करा आणि खुंट्या, कोरलेले आकडे, ओरखडे यांचे जवळून फोटो काढा. आत कडेला स्वतःची खूण कोरून ठेवा. वजन करून लिहून ठेवा, लांबी भरली की ते वाढतं. पावतीवर पद्धत लिहून घ्या. आणि रंगापूर्वी कच्चं काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. प्रामाणिक माणूस याने दुखावत नाही. चांगला वेल्ड करणाऱ्याला उलट तो दाखवायची हौस असते.

डावं पॅनल शेवटी मीच केलं. लांबी काढली, तडा जिथे संपतो तिथे तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, मागून तड्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच केली. समोरून चिकटपट्टी लावून दोन्ही कडा नीट जुळवल्या. एबीएसचे तुकडे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवून डिंकासारखा लगदा केला. (खिडक्या उघड्या आणि आसपास ठिणगीसुद्धा नको, ॲसिटोनची वाफ पटकन पेटते.) पहिला लगदा पातळ झाला होता, सुकल्यावर आकसून खड्डा पडला. दुसऱ्यांदा घट्ट केला आणि थरावर थर देत भरला, प्रत्येक थर पूर्ण सुकू देऊन. खुंटीच्या बुडाशी स्टीलची बारीक जाळी सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये बसवली. रबरी बुश सगळे नवे घातले. रंग माझ्या हातचा आहे, जवळून बघितलं तर तडा कुठे होता ते सांगता येतं. गेली दोन वर्षं तो तेवढाच आहे.

उजवीकडे अजून ती नक्कलच आहे. या मॉडेलचं उजवं पॅनल कुठे विकायला निघालं की मी एकच फोटो मागतो, आतल्या बाजूचा.