ज्वारीतला सोंडकिडा: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

सोलापुरात मालदांडीच्या कणगीत सापडणारा सोंडकिडा सायटोफिलस ओरायझी की त्याचा जुळा भाऊ सायटोफिलस झिमेझ? पाठीवरचे चार तांबूस ठिपके दोघांनाही असतात. लांबीही विश्वासाची नाही; बारीक दाण्यात वाढलेला किडा लहानच राहतो.

खात्री पटते ती नराच्या जननांगावरून. पोट वेगळं करा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट ठेवा, मऊ झालं की धुऊन ग्लिसरीनमध्ये सुईने उघडा. वरची बाजू गुळगुळीत, फुगीर दिसली तर ओरायझी. दोन उभ्या खाचा दिसल्या तर झिमेझ. घाईने उकळू नका, भाग पारदर्शक होऊन खाचा दिसेनाशा होतात. मादीत वाय आकाराची पट्टी पाहतात, पण तिथे हात बसायला वेळ लागतो.

अळी दाण्याच्या आतच वाढते, तिच्यावरून ओळख पटणं कठीण. तिथे डीएनएच हवा: नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये, फॉर्मलिनमध्ये कधीच नाही, आणि सीओआय या जात ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून आधी नोंदलेल्या नमुन्यांशी जुळवायचा. मात्र जुळवणीचा नमुनाच चुकीच्या नावाने नोंदलेला असेल, तर उत्तरही चुकतं. म्हणून प्रौढ नर असेल तर आधी सुईच उचलावी, आणि पाय डीएनएसाठी राखून ठेवावेत.